दुष्काळाच्या धड्यात ऊस कुठाय?

मी तलवाड्याजवळच्या एका मिशनच्या शाळेत पाचवीला शिकवते. आज दुष्काळाचा धडा होता. आमच्या पुस्तकात लिहिलंय, माणसं देवाला विसरली की पाऊस थांबतो. मी स्वतः चर्चला जाते, आजवर तसंच शिकवत आले.

राधा उठली. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. "बाई, आमच्या वस्तीवर टँकर येतो. शेजारी साखर कारखान्याच्या चेअरमनचा ऊस हिरवागार हाय. ते देवाला लई आठवतेत का?"

मी पुस्तक मिटलं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीचं पुस्तक मागवून बघितलं. तिथं सगळा दोष ढगांचा. उसाला जाणारं पाणी दोन्ही पुस्तकांत नाही.

परीक्षेत दुष्काळाचं कारण म्हणून राधानं 'ऊस' लिहिलं, तर मी मार्क देणार.

तुमच्या पुस्तकात दुष्काळ कुणामुळं पडायचा?