उद्घाटनापूर्वी हात लावू नये

माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्यापायी माझं आजवर नुकसानच झालंय. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा. गावात पूजेचं आमंत्रण मी लिहायचं. कॉलेजात तर विचारूच नका, सायकल स्टँडपासून लायब्ररीपर्यंत एकूण एक पाटी माझ्या हातची. 'नळ बंद करावा' ही पाटी मी लिहिली तेव्हा नळाला चार दिवस पाणी नव्हतं. पण सांगितलं की लिहायचं, हा माझा स्वभाव. अशाच एका चिठ्ठीची ही आठवण आहे. ती मी जाड स्केचपेननं लिहिली, खाली लाल रेघ मारली आणि कोपऱ्यात एक फूलही काढलं. त्या फुलाची मला अजून लाज वाटते.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. घर जुन्नरकडं, कॉलेज आंबेगाव तालुक्यात, म्हणून तिथंच खोली घेऊन राहायचे. आमच्या कॉलेजात मुलींचं बाथरूम इमारतीच्या मागं, उसाला अगदी लागून. त्या बाजूला बिबट्या दिसला की प्राचार्य स्वतः माइकवरून सांगायचे, "मुलींनी एकटीनं मागं जाऊ नये. घोळक्यानं जावं, मोठमोठ्यानं बोलत जावं." केवढी ती काळजी! म्हणजे जाताना मोठमोठ्यानं बोलायचं आणि तिथं पोचलं की कुजबुजायचं, "ए, आहे का गं एक?" बिबट्याचं नाव निदान माइकवर घेता येत होतं. पाळीचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

त्या कुजबुजीचा वीट येऊन आम्ही चौघी मैत्रिणींनी बाथरूमच्या खिडकीत बुटाचं एक खोकं ठेवलं. जिच्याकडं जास्तीचं पॅड असेल तिनं टाकायचं, जिला लागेल तिनं घ्यायचं आणि जमेल तेव्हा एक आणून ठेवायचं. नाही जमलं तर नाही. संपला विषय. ना नाव, ना अध्यक्ष, ना आभारप्रदर्शन. आणि राव, खोकं चाललं की! सोमवारी रिकामं झालेलं खोकं मंगळवारी कुणीतरी भरून ठेवायचं. कोण ठेवतंय ते आम्हालासुद्धा कळायचं नाही.

त्या खोक्यापाशीच मला ती भेटली. पहिल्या वर्षाची, आहुपेच्या बाजूच्या एका वाडीतली, होस्टेलला राहणारी. पॅड हातात घेऊन उभी होती, घ्यावं की ठेवावं ते कळत नसल्यासारखी. मी म्हटलं, "घे की." तर म्हणाली, "परत ठेवीन हां, ताई. येळ लागंल, पन ठेवीन."

नंतर हळूहळू समजलं. ती दर महिन्याला तीन-चार दिवस घरी पळायची. जवळ होती ती जुन्या साडीची फडकी, आणि ती होस्टेलात धुवायची कुठं नि वाळवायची कुठं? त्यापेक्षा घोडेगावातून एसटी पकडून घरी गेलेलं बरं. त्यात हजेरी पार रसातळाला गेलेली. केमिस्ट्रीच्या सरांनी तिला बजावून ठेवलं होतं की आता प्रॅक्टिकलची परीक्षा चुकली तर वर्ष गेलंच समज. आणि वर्ष गेलं तर कॉलेजातून नाव काढायचं, असं वडलांनी सांगितलेलं. आत्याच्या सासरकडचं एक स्थळही बघून ठेवलेलं होतं. हे सगळं तिनं मला एसटीचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. खोकं आल्यापासून मात्र दोन महिने ती घरी गेली नव्हती. त्याचं सगळं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकलं होतं.

मग खोकं महिला समितीच्या मॅडमच्या नजरेला पडलं आणि मॅडम गहिवरल्या. "अगं, केवढं मोठं काम करताय तुम्ही! हे आपण नीट करू या." नीट करू या म्हटलं की समजायचं, लागली वाट.

नीट करायला मीटिंग भरली. प्राचार्य त्याला 'तो उपक्रम' म्हणत होते. दुसरे एक सर 'ती व्यवस्था' म्हणत होते. तिसरे खिडकीबाहेर बघत होते. नावावर पाऊण तास खल झाला आणि 'आरोग्य मंजूषा' ठरलं. मुली मरेपर्यंत त्याला डबाच म्हणणार होत्या, ते सोडा. बुटाचं खोकं शोभत नाही म्हणून ऑफिसातली सूचना पेटी आणली. लोखंडी, कुलपाची. ती उघडली तर आत इतक्या वर्षांतली एकच सूचना निघाली, 'मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी बसवावी.' कागद पिवळा पडला होता. आम्ही तो काढून ठेवला आणि पेटीला गुलाबी रंग दिला. कडी अजून नव्हतीच.

आता पेटी म्हटल्यावर उद्घाटन आलं आणि उद्घाटन म्हटल्यावर साहेब आले. कुठले साहेब ते विचारू नका, आपल्याकडं प्रत्येक फितीला एक साहेब असतातच. महिला दिनाचा मुहूर्त धरला होता, पण त्या दिवशी साहेबांना आणखी तीन ठिकाणी महिलांचा सन्मान करायचा होता. मग पुढचा आठवडा ठरला. मग साहेबांच्या घरचं लग्न निघालं. आणि फोटोत पेटी भरलेली दिसली पाहिजे म्हणून मॅडमनी खोक्यातला सगळा माल पेटीत भरायला लावला. खिडकीतलं खोकं गेलं. आम्ही चौघींनी आपापल्या पिशव्यांतली पॅडसुद्धा त्यात टाकली. पेटीला कुलूप लागलं, लाल फीत बांधली गेली आणि मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझं अक्षर छान आहे. जरा एक चिठ्ठी लिही."

लिहिली. 'उद्घाटनापूर्वी हात लावू नये.'

आता गंमत बघा. सुट्टीत घरी गेले की आमच्याकडंही हेच असतं. कावळा शिवला की लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, देवघराकडं फिरकायचं नाही, पोत्यावर वेगळं बसायचं. मी मुकाट बसायचे. आणि कॉलेजात आल्यावर याच विषयावर चारचौघींसमोर तावातावानं बोलायचे. त्या दिवशी लाल रेघ मारताना हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

अखेर उद्घाटनाची तारीख ठरली ती नेमकी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. साहेब अकराला येणार होते. सकाळी साडेनऊला मी पेटीपुढं रांगोळी काढत होते, तेवढ्यात ती आली. अंग चोरून, पाठ भिंतीला लावून उभी राहिली.

"ताई, एक मिळंल का?"

मी वर बघून म्हटलं, "अगं, अकराला उघडणारच आहे. तेवढं थांब ना."

"माजं प्रॅक्टिकल साडेधाला हाय."

"दीड तासाचा तर प्रश्न आहे. बघ ना कुणाकडं तरी." वर आणखी रांगोळीवरून चालू नको म्हणून तिला हातानं बाजूलाही केलं. चावी माझ्या शेजारीच, ताटात, कुंकवाच्या करंड्याजवळ होती. तिनं चिठ्ठी वाचली. "बरं, ताई," म्हणाली आणि गेली.

साहेब पाऊण वाजता आले. त्याआधी मॅडमनी आम्हा चौघींना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "तुमच्यापैकी कुणाला अडचण नाही ना गं? नाही, नारळ आहे, पूजा आहे." पॅडच्या पेटीची पूजा! माझा दुसरा दिवस होता. मी तोंड वर करून "नाही, मॅडम" म्हटलं आणि ताट उचललं. फार मोठी क्रांती केली असं तेव्हा वाटलं होतं.

स्टेजवर सगळे पुरुष आणि एक मॅडम. हार झाले, नारळ झाला, टाळ्या झाल्या. साहेबांनी पेटीतून एक पाकीट काढलं, ते काय आहे हे लक्षात आल्यावर झटक्यात मॅडमकडं दिलं आणि भाषणात बिबट्यांच्या बंदोबस्ताचं आश्वासन दिलं. आमचे केमिस्ट्रीचे सरही मधूनच प्रॅक्टिकल सोडून टाळ्या वाजवायला येऊन बसले होते. मग मी बोलले. पाठ केलं होतं. "आजपासून या कॉलेजातली एकही मुलगी या कारणासाठी घरी जाणार नाही!" एवढ्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. पुन्हा मिळूही नयेत.

कार्यक्रम संपल्यावर पहिलं पाकीट तिलाच द्यायचं म्हणून मी लॅबकडं गेले. तिच्या जागेवर नुसतं जर्नल होतं, नीट कव्हर घातलेलं. शेजारच्या मुलीनं सांगितलं की ती दारापर्यंत आली होती. ड्रेस खराब झाला होता. पोरं हसली. तिनं ओढणी कमरेला गुंडाळली, जर्नल हिच्या हातात दिलं आणि गेली. घोडेगावची गाडी मिळाली असेल.

आता खरं सांगते. माझ्या पिशवीत एक पॅड होतं. सगळी पेटीत टाकली, पण ते एक ठेवलं होतं, कार्यक्रम लांबला तर मला लागेल म्हणून. ती समोर उभी असताना मला ते आठवत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

मी सरांकडं गेले. सर म्हणाले, "अर्ज आणा, कारण लिहा, बघू." मी तिथंच, माझ्या त्या सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. 'पाळी आल्यामुळे व पॅड न मिळाल्यामुळे.' सरांनी वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे... पोटदुखी लिहिलं तरी चालेल."

"सर, आत्ता तासाभरापूर्वी टाळ्या वाजवत होतात तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. रडू आलं होतं आणि संतापही, आणि त्यातला निम्मा सरांवरचा नव्हताच. सरांनी खाली बघत सही केली. परवा शेवटची बॅच, सकाळी दहा. नंतर मी पेटीपाशी गेले, चिठ्ठी फाडली आणि कुलूप काढून उसात भिरकावलं. पेटी उघडी करून बाथरूमच्या खिडकीत ठेवली. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिच्या वाडीत फोन लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी गेले. डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं गाडी वर चढते. मांडीवर पुडा होता, कागदात गुंडाळलेला. मेडिकलवाल्यानं वरून काळी पिशवी घातली होती, ती मी फेकून दिली होती. ती मुलगी त्या शेवटच्या बॅचला आली, प्रॅक्टिकल दिलं, पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझं कौतुक वाटायला नको.

मला वाटलं होतं, ती आमच्या घरी मी बसते तशी कोपऱ्यात पोत्यावर बसलेली असेल. ती अंगणात होती. हिरड्याचा मोसम होता, अंगणभर हिरडा वाळत घातलेला, आणि ती तो दोन्ही हातांनी खालीवर करत होती. तिच्या आईनं मला पाणी दिलं. मी शहाण्यासारखं विचारलं, "तुमच्यात पाळत नाहीत का?"

"कुनाला येळ हाय बाई पाळायला?" आई म्हणाली. "आन हिरडा काय तिनं हात लावल्यानं बाटतोय व्हय?"

म्हणजे या पोरीला 'हात लावू नको' म्हणणारी मीच पहिली. मी तिला परीक्षेचं सांगितलं. सरांनी सही केलेला अर्ज दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि आईला वाचून दाखवला. मग मी पुडा पुढं केला.

ती हिरड्यातून उठली. हात ओढणीला पुसले, पण पुड्याला लावले नाहीत.

"उद्घाटन झालं का, ताई?"

"झालं."

"चांगलं झालं?"

"हो."

"मंग आता घेतलं तर चालंल ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तरी दिलं असतं. मी मान डोलावली. तिनं पुडा घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "परत ठेवीन हां, ताई. येळ लागंल, पन ठेवीन."