गोल दिवे काढणारी मातीवाली

मातीवाली कुठलीही वस्तू आधी डोळे मिटून बघायची. टरबूज असो, नवी स्कूटर असो, नाही तर आमच्या सरांचं हेल्मेट; तळहात फिरवायचा आणि निकाल द्यायचा, "इथं पोट सुटलं याचं." चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती खापा गावची, मी शहरातल्या धंतोलीचा. मातीकामानं कोपरापर्यंत माखलेले तिचे हात, म्हणून हे नाव. त्याच हातांनी ती माझ्या डब्यातली पोळी उचलायची.

गाड्यांचं वेड मात्र माझं. एक जुनी अमेरिकी स्पोर्ट्स कार, लांब नाकाची, मागे चार गोल दिवे. तिची पुढची पिढी कशी असेल याची चित्रं काढून मी वह्या भरल्या होत्या. मातीवाली त्या चाळत म्हणायची, "तू हिची आरती करून राहिला गा. कधी मोडून त पाह्य."

मोडली तिनंच. शिकत शिकत ती अमेरिकेला गेली आणि नेमकी तीच गाडी नव्यानं घडवणाऱ्या लोकांत जाऊन बसली. तिथं अख्खी गाडी आधी खऱ्या मापाची मातीत करतात म्हणे. मी बुटीबोरीच्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची ड्रॉइंग्ज काढत होतो. जळलो, चांगलाच जळलो. फोनवर तोंडदेखलं अभिनंदन केलं आणि एवढंच म्हणालो, "काहीही बदल, गोल दिवे ठेव."

नवी गाडी आली. दिवे बारीक, तिरके.

"काहून काढले?" मी फोनवर ओरडलोच.

"नव्या अंगावर हात फिरवला का तिथंच अडके गा. आठवण म्हणून किती दिवस ठेवाचे?"

ती बरोबर होती. पहिल्या फोटोतच मला ते दिसलं होतं, म्हणून तर जास्त जळलो. फुटाळा तलावावर दर रविवारी सकाळी आम्ही गाडीवेडे जमतो, तिथं वर्षभर मी त्या दिव्यांच्या नावानं बोटं मोडली.

यंदा ती आली तेव्हा तिला तिथं नेलं. ओळख करून दिली ती फक्त 'कॉलेजातली मैत्रीण' एवढीच. चहा येतो न येतो तोच एकजण म्हणाला, "ज्यानं ते दिवे काढले ना, त्याले गाडीतलं घंटा समजत नाही!"

वाक्य माझंच होतं. मातीवाली खुशाल हसत होती. मला काय झालं कोण जाणे.

"हिनं काढले," मी म्हणालो, "आणि बरोबर काढले. तुमच्यापैकी एकानं तरी हात फिरवून पाहिला का?"

मातीवालीनं चहाचा घोट घेतला. "तुनं तरी कुठं फिरवला गा?"

परवा ती परत गेली. आईलाही घेऊन गेली, खाप्याचं घर विकलं. आता इकडे येणं कठीणच. दोघींना विमानतळावर निरोप दिला आणि माझा मत्सर माझ्याच स्कूटरवर मागे बसून घरी आला. अमेरिकेचा मला हेवा नाही, तिच्या हातांचा आहे. ती गाडी माझ्या हाती आली असती, तर मी दिवे तसेच ठेवले असते, आणि ती जुनीच राहिली असती.