निळ्या रेषेच्या आतले चार गुंठे

जुन्नरला बातमीदारी करताना पूररेषेवर मी बरंच लिहिलं होतं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी पोहोचेल ती हद्द. नदी आणि ही रेषा यांच्यामधल्या जागेत शेती करता येते, घर बांधता येत नाही. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची; दोन रेषांच्या मधे अटी पाळून बांधता येतं. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ, पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं निर्धास्त, असा नाही. तसा पूर लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. हे वाक्य मी प्रत्येक बातमीत घालत असे. जागा कमी पडली की तेच कापलं जाई.

या रेषा आखायला पाटबंधारे खात्याची माणसं आमच्या गावी आली तेव्हा मात्र मी गप्प होते.

गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, घोड नदीच्या काठी. वडील गेल्यावर वाटणीत आईला नदीकाठचे चार गुंठे आले. राहायला मधल्या दिराच्या घरातली मागची खोली. त्या चार गुंठ्यांवर स्वतःचं घर बांधायचं तिने ठरवलं होतं. नकाशा तयार होता. स्वयंपाकघराची खिडकी तिने तीनदा बदलून घेतली होती. शेजारची जमीन धाकट्या चुलत्यांची. त्यांना तिथे प्लॉट पाडून विकायचे होते.

रेषेचं गणित कार्यालयात झालेलं होतं. ते पडताळण्यासाठी गेल्या मोठ्या पुरात पाणी प्रत्यक्षात कुठवर आलं, हे गावात विचारायचं होतं. आदल्या दिवशी पुरुषांनी आपसांत ठरवलं: मारुतीच्या देवळाची खालची पायरी दाखवायची. पाणी तिच्या बरंच वर आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

चुलते घरी येऊन म्हणाले, "वैनी, तुमचं बी घर त्यातच हाय. उद्या कायबी बोलायचं न्हाई."

आई भाकरी थापत होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मीही काही बोलले नाही. पायरी धरली तर तिचं घर होत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे देवळापाशी जमले. अभियंत्याने यंत्र लावलं. "साहेब, हितवर. बोटभर बी वर न्हाई," चुलत्यांनी पायरी दाखवली.

आई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. "मारुती कमरंइतका पाण्यात व्हता. चला, दावते."

"वैनी, तुमाला काय ठावं? तुमी घरात व्हता."

"घरात? मग नदीची वटी कोणी भरली, तुमी?"

बायका हसल्या. पुराचं पाणी चढून थांबलं की आमच्याकडे बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. पाण्यात उतरायचं नसतं. पाणी जिथे टेकलं असेल तिथेच कडेला उभं राहून ती भरायची. त्यामुळे पाणी कुठे थांबलं, ही जागा बायकांना पक्की माहीत असते. इतक्या बातम्या लिहून मी कधी त्यांना विचारलं नव्हतं.

आई चढ चढून आपल्या चार गुंठ्यांच्या वरच्या बांधावर गेली. तिथे एक सपाट काळा दगड होता. "ह्यो. ह्याच्यावर नारळ फोडला. पाणी दगडाला लागून व्हतं."

"माझी चप्पल हितनंच व्हावत गेली," मागून एक शेजारीण म्हणाली.

"आन् मी म्हनलं, हिनं नदीला खण दिला, वर चपलाबी दिल्या!" दुसरी म्हणाली.

अभियंत्याने दगडापाशी दांडा धरायला लावून आकडा घेतला. "मावशी, ही खूण धरली तर खालची जागा बहुतेक निळ्या रेषेत जाईल. कुणाची आहे?"

"माझी."

त्याने वहीतून डोकं वर काढलं.

"सोताच्या पायावर धोंडा मारून घ्यायची लई हौस!" चुलते ओरडले.

"माझ्या पायावर पडू दे, भाऊजी. तुमचा प्लॉट घिऊन कोण परगावचं हितं लेकरं झोपवंल. त्यांच्या उरावर नको."

"आई, घर जातंय तुझं," मी हळू आवाजात म्हटलं.

"तू पेपरात लिहिती. तुला ठावं व्हतं ना?"

पंचनाम्यावर तिने पहिली सही केली, एकेक अक्षर गिरवत. तिच्याखाली चप्पल गेलेलीने, मग बाकीच्या बायकांनी. पूर आला तेव्हा मी जुन्नरला होते, त्यामुळे पाण्याची साक्ष मला देता येत नव्हती. पायरीचं आदल्या दिवशी ठरलं होतं, एवढं मात्र मला ठाऊक होतं. ते मी लिहून दिलं आणि खाली सही केली.

दगडाजवळ ठोकलेली लाकडी खुंटी आठ दिवसांत कुणीतरी उपटली. आईने तक्रार केली नाही. गोठ्यातली लोखंडी पहार नेली, दगडाला लागून निम्मी आत जाईपर्यंत ठोकली आणि येताना चुलत्यांच्या ओट्यासमोर थांबून तसं सांगून आली.

नकाशा मंजूर झाला तेव्हा चारही गुंठे निळ्या रेषेच्या आत होते. तिने तिथे मेथी टाकली आहे. राहते अजून मागच्या खोलीतच. चुलते तिच्याशी बोलत नाहीत. ती रोज सकाळी, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना चहा विचारते.