गुठळी टिकली का?

शेजारी डॉक्टर असला की औषधं त्याच्या घरात आणि किस्से आपल्या घरात साठतात. तासगावच्या आमच्या बोळातले भाऊ डॉक्टर लढाई संपल्यावर पलटणीतून परत आले, आणि माझी तर कणगीच भरली!

मी मराठी चौथी शिकलेली. पण खिडकीसमोर खिडकी असल्यावर नळ्यांत रक्त घेऊन बसलेल्या डॉक्टरांकडं माणूस नुसतं किती दिवस बघणार? विचारलंच.

"काकू, रक्त गोठतं हे सगळ्यांना ठाऊक. पण ती गुठळी विरघळवणारं प्रथिनही रक्तातच असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नळीत गुठळी करायची आणि ती विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. लवकर विरली की समजायचं, ते जोरात आहे!"

मी लगेच घरची गोष्ट काढली. माझी सून तारा पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन जाऊन पांढरी फटक पडली होती, आणि आता पुन्हा आठवा लागला होता. डॉक्टर तिचीही गुठळी बघणार होते. नाही टिकली, तर रक्त थांबायचं नाही; मग बाळंतपण मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात.

* * *

नळ्या अंगाइतक्या गरम पाण्यात ठेवायच्या. एकदा थर्मामीटरच फुटला! डॉक्टर स्टोव्हपाशी कपाळाला हात लावून बसले.

मी म्हटलं, "व्हा बाजूला!" पाण्यात कोपर बुडवलं, तांब्याभर गार ओतलं. "हां, आता लेकराला न्हाऊ घालाल एवढं झालं."

दुसरा थर्मामीटर आणून लावला, तर बरोबर निघालं. डॉक्टर म्हणाले, "काकू, हे कोपर पलटणीत पाहिजे होतं!"

* * *

डॉक्टरांच्या आईला हे काही पटेना. "दूध विरजलं की दही होतं, एवढं मला कळतं. पण लागलेल्या दह्याचं परत दूध झालेलं मी जन्मात बघितलं न्हाई!"

"आई, तेच तर मी मोजतोय!"

"मग माझ्या फडताळापासून लांब मोज!"

* * *

पेन्शनीतले एक सुभेदार रक्त द्यायला आले. डॉक्टरांना अचानक एक पेशंट बघायला जावं लागलं. जाता जाता म्हणाले, "सुभेदार, नळीकडे लक्ष ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

डॉक्टर परतले, तर सुभेदार दारात ताठ उभे! "हात लावायचा न्हाई, सायेब!"

"अहो, मीच सांगितलं होतं ना?"

"व्हय. पर मला सोडून लावा, असं कुठं म्हनालासा?"

समजूत घालून आत जाईपर्यंत गुठळी विरून गेली होती. कधी विरली, ते देवाला ठाऊक!

* * *

ताराच्या तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी बजावलं, "माणूस घाबरला की गुठळी लवकर विरते. तिला शांत ठेवा."

मी सकाळपासून तिच्यामागं. "तारा, भिऊ नको हं. अजिबात भिऊ नको!"

ती शेंगा फोडत बसली होती. "आवं आत्या, मी कुठं भित्ये?"

ताडून बघायला डॉक्टरांना एका धडधाकट माणसाचंही रक्त पाहिजे होतं. मी दंड पुढं केला. नऊला दोन्ही नळ्या पाण्यात गेल्या, आणि मी समोर पाटावर. नजर हलवली नाही.

अकराच्या सुमारास एका नळीतली गुठळी थरथरली. डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं!

ही ताराचीच, दुसरी कुणाची! पुढचं ऐकायला थांबते कोण! तशीच घरी धावले, गाठोडं बांधायला घेतलं, लेकाला मिरजेची मोटार थांबवायला स्टँडवर पिटाळलं. बाळंतविडा, जुनेरी, हळद, काय काय कोंबलं, मलाच ठाऊक नाही.

तेवढ्यात दोन्ही नळ्या घेऊन डॉक्टर दारात. एकीतलं रक्त पातळ. दुसरीत खरवसासारखी घट्ट गुठळी.

"काकू, ही घट्ट ताराची." मग दुसरी वर धरली. "आणि ही तुमची."

तारा कमरेवर हात देऊन उभी. एकदा त्या नळीकडं बघितलं, एकदा गाठोड्याकडं.

"आत्या, मोटार थांबवलीच हाय, तर तुमालाच सोडून येऊ का मिरजेला?"