मंगळवारची फाइल

कॉम्प्युटर बंद पडून निळा पडदा आला तेव्हा काउंटरसमोर पंधरा-वीस माणसं रिपोर्टसाठी उभी होती. मी खुर्ची ओढून कीबोर्डवर हात ठेवला. मॅनेजर सर केबिनमधून आले. खिशातला रुमाल काढून त्यांनी कीबोर्डवर टाकला. माझी बोटं त्याच्याखाली.

"ऊठ. तू हात लावलास की हे असंच होतंय. हातगुणच वाईट तुझा."

मराठीत म्हणाले. रांगेतल्या लोकांना शब्द कळले नसतील. रुमाल सगळ्यांना कळला. मी उठले. सरांनी त्याच रुमालाने कीबोर्ड पुसला आणि मग बसले.

मलकपेठेतल्या एका खासगी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. रक्त-लघवी तपासणारी लॅब. हैदराबादेत माझं आडनाव कुणाला काही सांगत नाही. तेलुगू माणसाला ते इतर आडनावांसारखंच एक वाटतं. सरांना मात्र ते पुरेपूर कळलं. त्यांचं बरकतपुऱ्याचं जुनं मराठी घराणं, आजोबांपासून सरकारी नोकरी. पहिल्या दिवशी केवढे आनंदले होते. "अरे वा, तुम्ही मराठी!" मग आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील काय करतात. रेल्वेत सफाईला होते, तारनाक्याच्या क्वार्टरात वाढले मी, असं मी सरळ सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी 'तू' झाले होते.

तेव्हापासून एक खोडच लागली. कुणी गोड मराठी बोललं की मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते.

मशीन असं निळं होऊन बसतं ना, तेव्हा मरता मरता एक काम करतं. त्या घडीला मेमरीत काय चाललं होतं, कोण काय करत होतं, ते एका फाइलीत लिहून ठेवतं. तिला डंप म्हणतात. सरांनी हुकूम दिला होता, दर सोमवारी ह्या फाइली काढून टाकायच्या. "डिस्क भरते. तो कचरा काढत जा. तुमच्या लोकांना साफसफाई बरोबर जमते."

हसत म्हणाले. आणि मीही हसले. रुमालापेक्षा मला त्या हसण्याची जास्त लाज वाटते. दर सोमवारी मी माझ्या हाताने त्या फाइली पुसत होते. आत काय आहे, एकदाही बघितलं नाही.

रुमालाच्या त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नसरीन माझ्याजवळ येऊन बसली. ती काउंटरवर पावत्या फाडते, मला बाजी म्हणजे ताई म्हणते. डबा उघडता उघडता म्हणाली, "नीला तो मंगल कू बी हुआ था, बाजी. तुम तो छुट्टी पे थे ना?"

मी घास खाली ठेवला. मंगळवारी मी रजेवर होते. आईला दवाखान्यात नेलं होतं. मग त्या दिवशी कुणाचा हात वाईट होता?

गुरुवार होता. म्हणजे त्या आठवड्याचा कचरा अजून काढायचा होता. जाऊन बघितलं. मंगळवारची फाइल तिथेच होती, तारीख-वेळेसकट.

पुढच्या सोमवारी मी काही काढलं नाही. काढलं म्हणून सांगितलं. खोटं बोलले, हो. दोन आठवड्यांत सात फाइली जमल्या. त्या वाचायचं एक फुकट साधन मिळतं. रोज जेवणाच्या सुट्टीत ते शिकत बसले. पहिल्या फाइलीत त्या साधनाने मशीनच्या मूळ व्यवस्थेलाच, ऑपरेटिंग सिस्टिमलाच दोषी धरलं. माझा विश्वास बसला नाही. मशीन पडलं तेव्हा जो पुढे उभा दिसला, त्याचं नाव घेतलं असेल. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून एका फाइलीवर थांबले नाही. उरलेल्या सहा उघडल्या. सहाही फाइलींत एकच नाव. अंगठ्याच्या हजेरीच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. कामगार हजेरीत लबाडी करतात म्हणून सरांनी ते यंत्र स्वतः आणून, स्वतः ह्या मशीनला जोडलं होतं.

प्रत्येक फाइलीचा निकाल मी कागदावर छापून जवळ ठेवला. मग एके दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र. माझ्या निष्काळजीपणामुळे मशीन वारंवार बंद पडलं, रुग्णांचे रिपोर्ट रखडले, मला मान्य आहे. खाली माझं नाव, ते आडनाव, आणि सहीची जागा.

"सही कर. मालक विचारतायत, मशीन का बंद पडतं. आपल्या आपल्यात मिटून जाईल. आपण मराठी माणसं."

सही केली असती तर आज ना उद्या नोकरी गेली असती, आणि पुढे कुठल्याही लॅबमध्ये ते पत्र माझ्या आधी पोचलं असतं. मी पत्राशेजारी सात कागद ठेवले. एकेका फाइलीचा एकेक. सरांनी वरचा कागद वाचला. चेहरा उतरला. आत काय निघालं, असं त्यांनी विचारलं नाही.

"हे उघडायला तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे दोष त्यांच्या यंत्राचा, हे त्यांना माहीत होतं? का नुसते घाबरले? मला आजही सांगता येणार नाही.

"सगळं डिलीट कर. आत्ता. माझ्यासमोर."

"नाही करणार."

"नोकरी करायची ना?"

"करायची आहे. म्हणूनच नाही करणार."

माफी कुणी मागितली नाही. यंत्र अजून तिथेच आहे. मला निष्काळजीपणाची नोटीस मिळाली, तिला मी सात तारखा लिहून उत्तर दिलं. मालकांकडे एक प्रत, माझ्याकडे एक. सर आता माझ्याशी इंग्रजीत बोलतात. बरं आहे.

मशीन डंपची छोटीच फाइल लिहील, अशी मांडणी मी करून ठेवली आहे. मोठीत मेमरीतलं सगळंच येतं, रुग्णांची नावं, कुणाला कसला आजार, सगळं. स्वतःची अब्रू राखताना मला दुसऱ्याची उघडी पाडायची नाही. पण छोटी फाइल मी सोडणार नाही. मशीन परत उठलं की आधी तिची प्रत दुसरीकडे ठेवीन, मग काउंटर सुरू करीन. रांग ओरडली तरी चालेल. ज्याला माझ्यावर आळ घ्यायचा आहे त्याने तो कागदावर घ्यावा, खाली स्वतःची सही करावी, आणि मग माझ्यासमोर बसून सगळ्या फाइली वाचाव्यात. पहिलीपासून.