पांढऱ्या झालेल्या ओळी

मंगळवारी सकाळी बांबो नाखुम्बा दवाखान्यात आले ते भांडायला नव्हे. भांडायला आले असते तर लिनेसीला सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली, बाकावर बसले आणि इंजेक्शनची रांग संपेपर्यंत बसून राहिले. मग तिच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "आमाई, शनिवारी तुमच्याकडची एक पोरगी आमच्याकडे आली होती. नवीन दिसते. चांगली आहे, तिला रागावू नका."

"काय झालं, बांबो?"

"पाहुणी आली म्हणून हिने अंगण झाडलं, चटई टाकली. पोरीने विचारलं, लिम्बानी कुठं आहे, इतके महिने इंजेक्शनला का आला नाही. ही म्हणाली, विहिरीवर गेलाय, येईल एवढ्यात." त्यांनी हातातली टोपी उलटी केली. "तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसलीय. जेवायला हाक मारली की म्हणते, त्याला येऊ द्या."

त्यांच्या पोराला, लिम्बानीला, पुरून पावसाळा उलटून गेला होता. तेव्हा लिनेसी स्वतः त्या घरी मक्याचं पीठ घेऊन गेली होती, बायकांच्यात बसून दफनाची गाणी गायलीही होती. दवाखान्याच्या यादीत त्याची ओळ तिनेच रंगवली होती.

बांबो गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला. यादीतले लाल आकडे होते तसे लाल होते. पिवळ्या ओळी पिवळ्या होत्या. आणि ज्या ओळी राखेच्या रंगाच्या असायला हव्या होत्या, त्या सगळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. जिवंत माणसांच्या ओळींसारख्या.

तिने यादी खालपर्यंत सरकवली. एका ओळीपाशी तिचा हात थांबला आणि पुढे सरकला. तादाला म्बेवे, वय अकरा. ती ओळही पांढरी होती.

*

लिनेसी मुलांजे डोंगराच्या पायथ्याची. बाप चहाच्या मळ्यात खुडणीचा मुकादम होता, त्यामुळे ती शाळा पुरी करू शकली. लग्न झालं, नवरा चहाच्या कारखान्यात पाळीवर लागला, पदरी दोन मुली आल्या. थोरल्या तादालाचा घसा सातव्या वर्षी दुखायला लागला. घसाच तो, सगळ्यांच्या पोरांचा दुखतो. मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, पेरूच्या पानांचा काढा झाला. वर्षभराने पोरगी चढावर दमून बसायला लागली. मोठ्या इस्पितळात सांगितलं, त्या घशाच्या दुखण्यानेच हृदयाची झडप खराब झालीय, आता दर महिन्याला इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही.

एकही चुकलं नव्हतं. दर महिन्याला दवाखान्याच्या त्याच बाकावर बसून बसून लिनेसीची सिस्टर मक्विंजाशी ओळख झाली, आणि यादी सांभाळायला कुणीतरी हवं म्हटल्यावर सिस्टरने तिलाच विचारलं. असं तिला काम मिळालं. हृदयाच्या सगळ्या रोग्यांची नावं, कुणी इंजेक्शन घेतलं, कुणाचं चुकलं. चुकलं की शेवटच्या रकान्यात लाल आकडा यायचा, आणि गावोगावच्या स्वयंसेविका त्या घरी जाऊन विचारपूस करायच्या.

जे गेले त्यांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. नाव खोडायला हात धजावेना. पुढे 'मृत' असा शब्द लिहायचा, तर तो कोण लिहिणार? बोलतानासुद्धा तो शब्द इथे कुणी वापरत नाही. आपल्याला सोडून गेला म्हणतात, झोपला म्हणतात. म्हणून लिनेसीनेच एक रंग शोधला. थंड चुलीतल्या राखेचा, आणि तोही इतका फिकट, की नजर त्यावर अडू नये. तो रंग म्हणजे काय ते दवाखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये, चिपेरोनीच्या थंड, झिमझिमत्या धुक्यात सगळा डोंगर आठवडाभर दिसेनासा झालेला असताना, तादाला गेली. तिची ओळ सिस्टरने रंगवली. पंधरा दिवसांनी लिनेसी कामावर परत आली. तेव्हापासून ती काम करते. रडत नाही. लोक म्हणतात, खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. पाय मुंग्या येऊन बधिर होतो आणि चालताना दुसऱ्याचा वाटतो, तशी ती सगळीच्या सगळी दुसऱ्याची झाली होती. रोज सकाळी फक्त धाकट्या यांखोला दारात उभी करायची, तोंड उघडायला लावून घशात टॉर्च मारायची, आणि लाल काही दिसलं नाही की तिला शाळेत सोडायची.

*

बुधवारी जिल्ह्याहून गोमेझगानी आला. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांचे संगणक तोच बघायचा. उत्तरेकडचा, उंच, बोलघेवडा. सायकल-टॅक्सीवरून उतरताच त्याने सायकलवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली आणि हसत हसत आत आला.

"तादालाच्या आई, जेवायला काय आहे ते आधी सांगा. तूर असेल तर मी परत जातो."

"तूरच आहे."

"वाटलंच. दक्षिणेत उतरलं की सासूसुद्धा तूरच वाढते."

"खा गुपचूप," सिस्टर मक्विंजा म्हणाली. "तुमच्याकडे काय, कसाव्याचे कंद चावून चावून दात गेले सगळ्यांचे."

तो जेवता जेवताच फाइल बघत होता. एक ओळ निवडायचा, रंगाची खिडकी उघडायचा, बंद करायचा. मग त्याने विचारलं, "ही फाइल जुन्या पद्धतीने सेव्ह कुणी केली?"

"मी," लिनेसी म्हणाली. "जिल्ह्याला नवीन बाई आल्यात ना, याद्या आता त्याच काढतात. त्यांच्या संगणकावर आमची फाइल उघडत नव्हती. म्हणाल्या, जुन्या पद्धतीने पाठवा."

"तेव्हा एक खिडकी आली असेल. मोठा मजकूर, खाली 'हो' आणि 'नाही'."

"आली होती."

"आणि तुम्ही 'हो' दाबलं."

"वाचत कोण बसतं ते?" सिस्टर मध्येच म्हणाली.

"कुणीच नाही. मीही नाही." त्याने बोटं चाटली. "त्या खिडकीत लिहिलेलं असतं, काही गोष्टी जातील म्हणून. जुन्या पद्धतीला रंग थोडेच ठाऊक आहेत, पन्नास-साठ. लाल ठाऊक आहे, पिवळा ठाऊक आहे. जो रंग ठाऊक नाही, तो ती जवळच्या रंगाला नेऊन चिकटवते. तुमचा हा राखी इतका फिकट, की त्याच्या जवळचा म्हणजे पांढराच. पांढरा करून टाकला. जरा गडद घेतला असता तर टिकला असता."

लिनेसीने पडद्यावरच्या एका पांढऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग ती फाइल जिल्ह्याहून परत आली आणि तुम्ही त्याच नावाने जुनीवर ठेवली. म्हणजे जुनीही गेली." तो आता हसत नव्हता. "त्या बाईंना दिसतात फक्त लाल आकडे. ज्याचा आकडा लाल, त्याच्या घरी स्वयंसेविका. उद्या दुपारी पुढची यादी काढतील."

म्हणजे उद्या दुपारपर्यंत काही केलं नाही, तर शुक्रवारी-शनिवारी पुन्हा स्वयंसेविका त्या सगळ्या घरांच्या अंगणात उभ्या राहणार होत्या. नाखुम्बांच्या घरी तर गेल्याच होत्या.

"रंग पुन्हा देते," लिनेसी म्हणाली. "गडद देते."

"द्या. पुढच्या वर्षी कुणीतरी तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल, परत जाईल. रंगावर विसंबू नका. एक वेगळा रकाना घाला आणि त्यात लिहा. अक्षर कुठंही उघडलं तरी अक्षरच राहतं."

"काय लिहू?"

गोमेझगानीने ताट बाजूला सारलं. तो उत्तरेकडचा, पण तो शब्द तिकडेही कुणी वापरत नाही. "आकडा टाका," तो शेवटी म्हणाला. "एक आणि शून्य."

"माझ्या रोग्यांना शून्य म्हणायचं नाही," सिस्टर म्हणाली.

त्या वेळी दारात एलुबी होती. लिनेसीच्याच वस्तीतली स्वयंसेविका, महिन्याचे कागद द्यायला आलेली. बुटकी, दणकट, बाजारात सुकी मासळी विकणारी. सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढा विचार कशाला? आम्हाला काय कळायला हवं, तेवढंच लिहा. 'जाऊ नका.' का, ते आम्हाला विचारायचं नाही."

तेच ठरलं.

*

गुरुवारी सकाळी लिनेसी लाल आकडा असलेलं एकेक नाव वाचत होती आणि सिस्टर मक्विंजा स्टुलावर बसून, डोळे मिटून, ते माणूस गेलं असेल तर 'हो' म्हणत होती.

"लिम्बानी नाखुम्बा."

"हो."

लिनेसी लिहायची, जाऊ नका.

"मेरिया चिकोपा."

"ती आहे गं. मोझांबिकात भावाकडे गेलीय. तिथे इंजेक्शन घेते म्हणाली, खरं-खोटं देव जाणे. आली की कान धरते तिचा."

"दालित्सो मतेका."

"हो. इस्टरच्या आधी."

बाहेर एक पोर इंजेक्शनला घाबरून किंचाळत होतं आणि त्याची आई त्याला बिस्किटाचं आमिष दाखवत होती. लिनेसीचा हात चालत राहिला. प्रत्येक नावाला घर होतं, घरात कुणीतरी बाई होती, तिला ती ओळखत होती. ओळख असूनही आत काही हलत नव्हतं. शब्द लिहायचा, खाली यायचं.

मग ती थांबली. नाव वाचलं नाही. सिस्टरने डोळे उघडले नाहीत.

तादाला म्बेवेच्या ओळीत शेवटचा आकडा लाल होता, आणि गेल्या जूनपासून दर महिन्याला त्यात एक-एक वाढत होता. चुकलेली इंजेक्शनं. लिनेसीला वाटलं, चुकीचं आहे हे. आमचं एकही चुकलं नाही. तिने 'जाऊ नका'चा रकाना रिकामा ठेवला आणि पुढचं नाव वाचलं.

सिस्टरने उत्तर दिलं. बारा वाजता यादी जिल्ह्याला गेली.

*

शनिवारी दुपारी एलुबी आली. नवरा पाळीवर होता, यांखो शेजारी खेळायला गेली होती. लिनेसी मक्याचे दाणे सोलत बसली होती. एलुबीच्या खांद्यावर दवाखान्याची निळी पिशवी होती, म्हणजे ती कामावर होती. लिनेसीने उठून चटई टाकली. दोघी बसल्या, एकमेकींची, नवऱ्यांची, घरच्यांची खुशाली विचारून झाली.

"मासळी कशी जातेय?"

"महाग झालीय बाई. लोक नुसता वास घेऊन पुढे जातात. म्हटलं, वासाचेही पैसे लावते." एलुबी हसली, मग हसू ओसरलं. तिने पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि हाताने सरळ केला. "गेल्या वेळीसुद्धा नाव होतं. मी त्या आंब्यापर्यंत आले आणि परत फिरले. तुला बोलले नाही."

"मग आज का आलीस?"

"आज यादीत तिचं नाव तू स्वतः राहू दिलंस म्हणून. बाकीच्यांपुढे 'जाऊ नका' लिहिलंस, इथे नाही. मग मला वाटलं, हिला कुणीतरी यायला हवं असेल. नसेल तर सांग, जाते."

लिनेसीने नजर सोललेल्या दाण्यांकडे ठेवली. दफनाच्या दिवशी हे अंगण माणसांनी भरलं होतं. मग सगळे गेले, आणि त्यानंतर तिच्या मुलीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. सगळे फक्त तिला तादालाची आई म्हणत होते, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"विचार," ती म्हणाली. "जसं सगळीकडे विचारतेस तसं."

एलुबीने पाठ ताठ केली. आवाज कामाचा केला. "तादाला कुठं आहे? इंजेक्शनला का आली नाही?"

"ती नाही," लिनेसी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, एवढ्याने कागद भरत नाही. "ती मेली. जूनमध्ये."

इथे कुणीही वापरत नाही तो शब्द तिने वापरला होता. एलुबी दचकली, पण मान खाली घालून लिहायला लागली.

"तारीख?"

लिनेसीने तारीख सांगितली.

"घरी की इस्पितळात?"

"वाटेत. मिनीबसमध्ये. माझ्या मांडीवर होती. मला वाटलं, झोपली. उतरायची वेळ झाली तेव्हा मी तिला उठवत होते."

एलुबीचं पेन थांबलं. लिनेसी रडली नाही. तिने वाट पाहिली, आता रडू येईल म्हणून, पण आलं नाही. फक्त छाती थोडी दुखली, आणि ते दुखणं तिला निदान स्वतःचं वाटलं.

एलुबीने सही करायला कागद पुढे केला. लिनेसीने सही केली.

"पुढच्या महिन्यात येऊ का परत?"

लिनेसीने विचार केला. "नको."

एलुबीने पिशवी खांद्याला लावली. अजून चार घरं बाकी होती. जाताना तिने मूठभर दाणे उचलून तोंडात टाकले आणि म्हणाली, "हे भाजून आणून दे बाजारात, विकून देते."

सोमवारी लिनेसीने यादी उघडली आणि तो रिकामा रकाना भरला. 'जाऊ नका' लिहिताच ती ओळ मोजणीतून बाहेर पडली, शेवटचा लाल आकडा गेला आणि तिथे काहीच उरलं नाही. बाहेर सिस्टर पहिलं नाव पुकारत होती. लिनेसीने आजच्या इंजेक्शनांचा रकाना उघडला आणि ते नाव शोधायला लागली.