तासात गेलेली बाई

वेचलेला कापूस बैलबंडीत भरताना वाटतं, आता बोटभरही मावणार नाही. मग एकजण वर चढून तुडवतो, आणि तेवढाच आणखी मावतो. वेचणीवरच्या बायांच्या गोष्टींचं तसंच आहे. इतकी वर्षं मी त्या तुडवून तुडवून भरल्या. आज थोड्या मोकळ्या करते.

आम्ही बौद्ध झालो, त्या दीक्षेच्या पुढचं साल. देव्हारे रिकामे झालेले, नवस-सायास सोडलेले. वडनेरच्या शिवारात पाटलांच्या वावरात आम्ही कापूस वेचायला जात होतो. सोनाबुढी सगळ्यांत वडील, पार्बता तोंडाची फटकळ, कौसा मुकी मुकी, मी, आणि माझी धाकटी जाऊ अंजना.

अंजनाचं लेकरू त्याच पावसाळ्यात तापानं गेलं होतं. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं. ती रडली नाही. पहिल्यांदा आम्हाला ते बरं वाटलं, मग त्याचीच भीती वाटायला लागली. जेवायची नाही, बोलायची नाही, बोंडाजवळ गेलेला हात तिथंच राहायचा. शेवटी सासूनं तिच्या माहेरी निरोप धाडला, "पोरगी घेऊन जा. घरातलं एक मरण पाह्यलं, दुसरं मले पाहवत नाई." अशी माहेरी नेलेली पोरगी पुन्हा नांदायला येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंजनालाही.

आधीचे दिवस असते तर नवस बोललो असतो. आता काम तेवढं उरलं होतं.

*

आमच्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधल्या जागेला तास म्हणतात. एकेका बाईनं एकेक तास धरायचा आणि वेचत जायचं. वेचता वेचता कधी असं होतं, की कंबर दुखत नाही, ऊन लागत नाही, हात आपले आपण चालतात. अशी बाई दिसली की सोनाबुढी म्हणायची, "गेली वं, तासात गेली."

पार्बता एकदा अशी गेली, की पाटलांचं वावर संपलं, धुरा, म्हणजे बांध आला, तो ओलांडला, आणि शेजारच्या वावरात वेचायला लागली. त्या वावराचा धनी धावत आला.

"काय वं बाई, माह्या वावरात काय करून राह्यली?"

पार्बतानं मान वर केली, मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"मी कुठं आली, भाऊ? तुमचं वावर माह्या तासात आलं."

*

गणपत मुकादमाला हे पटत नसे. कौसा अशीच एक दिवस तासात गेली होती, आणि हा मागून जाऊन ओरडला, "ए कौसे!" ती अशी दचकली, की बोंडाचं टोक नखाखाली गेलं. रक्त आलं. बोट तोंडात धरून ती उभी राहिली. कौसा कधी उलटून बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली.

"भाऊ, तुमी हाक मारली. आता पुन्हा तिथवर जायले मले दुपार होईन."

गणपतला काय समजलं कोणास ठाऊक. त्यानंतर तो लांबूनच खाकरायचा, आणि बाई तासात गेलेली दिसली की तेवढंही नाही. आमचा नेमच झाला. तासात गेलेल्या बाईला हाक मारायची नाही.

*

हा नेम किती कडक होता, ते सांगते. सोनाबुढी वेचत होती, आणि एक लांबलचक धामण तिच्या पायावरून गेली. आम्ही सगळ्या जागच्या जागी. ओरडावं तर नेम मोडतो, आणि बुढी पाय हलवायची ती वेगळीच. धामण गेली. बुढीचे हात थांबले नाहीत.

न्याहारीच्या वेळी पार्बतानं सांगितलं, "मावशी, तुह्या पायावरून धामण गेली."

"मंग? गेली ना?" बुढी म्हणाली. "ते बी आपल्या तासात असन."

*

अंजनाचं मात्र काही केल्या होत नव्हतं. सोनाबुढी तिला मुद्दाम आपल्या शेजारचा तास द्यायची. ती चार बोंडं वेचायची आणि तासाच्या टोकाकडं पाहत उभी राहायची. एक दिवस भाकर खायला बसलो असताना तिनंच विचारलं. कितीतरी दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता आम्ही.

"मावशी, मले काऊन नाई जाता येत वं तासात?"

"कशी जाशीन? तू तासालेच हाका मारून राह्यली." बुढीनं भाकरीचा घास खाली ठेवला. "लेकराले निजवतानी का तू निजेले हाका मारत होती? मांडी हालवत होती ना नुसती?"

त्या लेकराचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि ही बुढी सरळ त्याला निजवायच्या मांडीपर्यंत आली. अंजना उठली आणि पाठ फिरवून आपल्या तासात जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलताना दिसले आम्हाला. कोणी जवळ गेलं नाही.

सोनाबुढीनं त्या दिवशी भाकर तशीच फडक्यात बांधून घरी नेली.

*

आमची सासू वावरात येत नसे. तिचा तास चुलीपुढं. ज्वारीच्या भाकरी थापायला बसली की तिचंही असंच व्हायचं. डोळे जाळावर, हात परातीत, बोललेलं ऐकू येत नसे.

एका सकाळी अशाच भाकरी झाल्या. शेवटची टोपल्यात पडली, ती चानकी होती. चानकी म्हणजे लेकरासाठी केलेली तळहाताएवढी भाकर. लेकरू होतं तेव्हा रोज शेवटी ती व्हायची. त्या दिवशी हातानं आपलीच आपण केली.

सासूनं टोपल्यात पाहिलं. अंजना समोरच उभी होती.

"पीठ उरलं होतं," सासू म्हणाली. "कुत्र्याले टाकून दे."

अंजनानं ती उचलून फडक्यात बांधली आणि दुपारी वावरात खाल्ली. आम्ही सगळ्या दुसरीकडं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशीही पीठ उरलं. आमच्या सासूच्या हातून पीठ कधी उरत नसे.

*

मग तो दिवस आला. माहेरचा निरोप आला होता, भाऊ बंडी घेऊन येतो म्हणून. अंजना भाकरी व्हायच्या आधीच घरातून निघून वावरात आली होती. दुपारून भावाची बंडी धुऱ्याशी येऊन थांबली. बंडीत आमची सासू बसलेली. तिला वावरात पाहिलं आणि आमचे हात थांबले.

एक सोडून सगळ्यांचे. अंजना दूर, तासाच्या मध्यावर होती. कमरेची ओटी फुगलेली, मान खाली, दोन्ही हात चालू. सोनाबुढीनं पाहिलं. 'तासात गेली' म्हणायची गरज नव्हती.

भाऊ हाक मारायला पुढं झाला. सासूनं त्याचा दंड धरला.

"बैल सोड. पाणी दाखव त्याहिले."

"आत्याबाई, अंधार पडन मले जायले."

"पडू दे."

त्यानं बैल सोडले. सासू धुऱ्यावर बसून राहिली. गणपत मुकादम लांब उभा, खाकरलासुद्धा नाही. ऊन उतरलं. अंजना तास संपवून टोकाशी आली, ओटीतला कापूस ढिगावर टाकला, आणि तेव्हा तिला भाऊ दिसला.

"दादा, कव्हा आला? हाक काऊन नाई मारली?"

भावानं सासूकडं पाहिलं. सासू ढिगाकडं पाहत होती.

"मारत होता तो. मीनंच म्हटलं, माही सून तासात हाये."

भावानं हळूच विचारलं, "मंग बंडी जुंपू का?"

"जुंप. तुह्या मायले सांगजो, पोरगी वेचणीवर हाये, सवड नाई."

तो बैलांकडं गेला. अंजना सासूजवळ धुऱ्यावर येऊन बसली. हात पदराला पुसले.

"आत्याबाई, चानकी आणली?"

सासूनं पदराची गाठ सोडली.

"हाव. पीठ उरलं होतं."